डुकरांनी उकरलेला कोपरा

चांगमाई म्हणजे आसामच्या आहोम राजांच्या रांधणीचे लोक. राजे गेले, त्यांची चूल विझली, त्यालाही आता दोनशे वर्षं होत आली. पण ढेकियाजान गावातल्या चांगमाईंच्या घरात कुणी म्हणालं की माशाच्या कालवणात मीठ कमी आहे, तर म्हणणाऱ्याच्या जिभेतच काहीतरी खोट आहे असं अजूनही धरून चालतात. डिंबेश्वरी ह्या घरात सून म्हणून आली आणि चार-दोन वर्षांत सासरच्यांपेक्षा जास्त चांगमाई झाली.

बुटकी, रुंद पावलांची, तोंडात सदा तामूल, म्हणजे पान-सुपारी. नवरा तापानं गेला, लेक लग्न होऊन नदीपलीकडं गेली. मागं उरली ती आणि तिची साजाची मडकी. साज म्हणजे तांदळाची दारू. लग्न असो, मयत असो, पितरांची पूजा असो, त्याच्याशिवाय इकडं पान हलत नाही. आणि पाच गावांत साज लावावा तर डिंबेश्वरीनं, हे तिचे दुष्मनही कबूल करायचे, कारण तेही तिच्याकडूनच न्यायचे.

साजाचं सगळं इंगित पिठ्यात. रानातला पंधरा-वीस जातींचा पाला कुटायचा, तांदळाच्या पिठात मळायचा, चपट्या वड्या थापून नेच्याच्या पानांवर मांडायच्या आणि झाकायच्या. ह्या वड्या म्हणजे पिठा. त्यातली एक वडी भातात चुरली की भाताला घाम सुटतो, गोड वास धरतो आणि पुढचं काम आपोआप होतं. डिंबेश्वरीचा पिठा कधी फसला नाही, कारण तिचे नियम कडक. अंघोळ करून हात लावायचा. हात लावला की तोंड उघडायचं नाही. आणि सगळ्यात थोर नियम हा की एकदा झाकलं की विसरायचं. मडक्याचं तोंड केळीच्या पानानं बांधून मातीनं लिंपायचं आणि दिवस भरेतो तिकडं बघायचंसुद्धा नाही. शेजारची नवी सून एकदा उतावीळपणानं झाकण उचलायला गेली तर डिंबेश्वरी तिला म्हणाली, "पोटुशीचं पोट फाडून बघतीस काय, पोरगं हाय का पोरगी?" सून पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

साजाला लागणारा बोरा, म्हणजे चिकट तांदूळ, यायचा गावाखालच्या दोन बिघे रानात. रान पाणथळ, काळंभोर, आणि त्याच्या कडेनं कंपनीची तेलाची नळी गेलेली. ती नळी गावाच्या अंगवळणी पडली होती. बायका तिच्यावर धुणं वाळत घालायच्या, म्हातारे थंडीत तिला पाठ लावून बसायचे.

पौष सरता सरता कुणी चोरानं त्या नळीला भोक पाडलं, आपले डबे भरून घेतले आणि भोक तसंच सोडून पळाला. सकाळी डिंबेश्वरी खाली गेली तर रानावर काळी साय धरलेली. भात कापून झालं होतं, नुसती धसकटं उभी होती, तीही चिकट्यात बुडाली. कंपनीचे लोक आले, नळी बुजवली, वरवरचं तेल पंपानं उपसून नेलं. मातीत मुरलं ते राहिलं. त्या रानातले बेडूकसुद्धा उठून दुसरीकडं गेले.

आता थानेश्वर. हा तिचा धाकटा दीर. बोलण्यात असा पटाईत की बाजारात मासळी घ्यायला गेला तर कोळीणच त्याला वर दोन मासे टाकून म्हणायची, बाबा, जा आता. रान दोघा भावांच्या नावावर, म्हणजे थोरल्याच्या जागी डिंबेश्वरीची सही लागायची. कंपनीला नळ्या ठेवायला जागा हवीच होती. थानेश्वर ओसरीवर येऊन बसला. थोरल्या भावजयीला तो नबौ म्हणायचा.

"नबौ, त्या रानात आता काय पेरणार? दिव्याच्या वाती?"

"तुला काय करायचंय ते सरळ बोल."

"देऊन टाकू कंपनीला. कायमची. मेलेल्या म्हशीला किती दिस वैरण घालायची?"

"म्हस मेली का न्हाई ते मी बघते आधी."

"बघणार कसं? नाडी धरून?"

डिंबेश्वरीनं तामुलाची पिचकारी अंगणात टाकली. "आघोणापर्यंत थांब. भात उभं राहिलं तर ह्या रानाचं पुन्यांदा नाव काढायचं न्हाई. न्हाई राहिलं तर तू म्हणशील तिथं सही करते."

"लिहून देतीस?"

"चांगमाईची सून हाय मी. लिहून तुझ्यासारखे देत्यात."

थानेश्वरला हा सौदा आवडला. आघोण म्हणजे मार्गशीर्ष, कापणीचा महिना; तो यायला जवळजवळ साल होतं आणि रानाचा वास त्याच्या ओसरीपर्यंत येत होता.

फाल्गुनात जोरहाटच्या संशोधन संस्थेतून एक बाई जीपमधून आली, बरोबर पोती. अनुरूपा फुकन तिचं नाव. तिशीची, चष्मेवाली, चिखलात उतरताना मेखेला वर खोचून घेणारी, त्यामुळं बायकांना ती बरी वाटली. नामघराच्या, म्हणजे गावच्या कीर्तनघराच्या, अंगणात तिनं गाव गोळा केला आणि सांगितलं की ह्या पोत्यांत मक्याच्या कणसांचा भुगा आहे आणि त्या भुग्यात जिवाणू आहेत. ते तेल खातात. तेल खाऊन वाढतात, तेल संपलं की मरतात, माती मागं राहते.

"बाई, तेल पिणारे किडे, म्हंजे प्यायल्यावर दंगा करतील का?" एकानं विचारलं.

"ते काय थानेश्वर हायत?" मागून कुणीतरी म्हणालं.

गाव हसला. अनुरूपाला वाटलं, ह्यांना पटलेलं नाही. मग तिनं गाडीत बसल्या बसल्या सुचलेली उपमा बाहेर काढली. डिंबेश्वरीकडं वळून, काकी म्हणावं तशा मायेनं, म्हणाली, "खुरी, तुम्ही पिठा करता ना? हा तसाच पिठा समजा. तुमचा भाताला लागतो, हा तेलाला."

डिंबेश्वरीच्या तोंडावर असा उजेड पडला की आजूबाजूच्या बायकांनी वळून बघितलं. आत्तापर्यंत ती पोत्यांकडं औषधाच्या बाटलीकडं बघावं तशी बघत होती. आता ती उठली, एका पोत्याचं तोंड सोडलं, चिमूटभर भुगा हुंगला आणि म्हणाली, "कोवळा हाय अजून. पण जात चांगली हाय."

अनुरूपा खूश झाली. अशी बाई गावात भेटली म्हणजे निम्मं काम झालं, असं तिनं ड्रायव्हरला सांगितलंही.

सगळ्यात काळी माती खरवडून रानाच्या मधोमध लांबलचक ढीग घातला. त्यात भाताचा कोंडा, थोडं खत, पाणी आणि पोत्यांतला भुगा. बाकीच्या रानात भुगा नुसता शिंपडला आणि थानेश्वरच्या बैलांनी उभं-आडवं नांगरून टाकलं. बैल दिले ते वहिनीची हौस फिटावी म्हणून. जाताना अनुरूपा म्हणाली, "खुरी, ढीग आठवड्याला एकदा उलथायचा. खालचं वर, वरचं खाली. ओल ठेवायची. एवढं केलंत की झालं."

"व्हय, व्हय. तू जा निवांत."

जीप वळणापलीकडं गेल्यावर डिंबेश्वरी ढिगापुढं उभी राहिली. पोरगी गुणाची, पण शिकलेली पडली जोरहाटात. पुस्तकात पिठा वाचला असंल, लावला नसंल. लागलेला पिठा आठवड्याला उलथायचा, म्हणजे पाळण्यातल्या पोराला दर घटकेला उठवून विचारायचं, झोप लागली का रे. डिंबेश्वरीनं पोरीच्या अडाणीपणावर पांघरूण घालायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून, ओल्या केसांनी, तोंड मिटून रानात गेली. ढिगावर केळीची पानं अंथरली, त्यावर पेंढा, त्यावर चिखल. हातानं असा गुळगुळीत लिंपला की एक भेग राहू दिली नाही. मग नमस्कार केला आणि घरी येऊन विसरली.

अनुरूपाचा फोन यायचा. तिला दुसरीकडंही तेल सांडलेलं होतं, तिकडं ती अडकली होती.

"कसं चाललंय, खुरी?"

"बैजवार."

"उलथताय ना?"

"तू त्याची काळजी करू नगंस."

ही थाप नव्हती. ती खरंच काळजी घेत होती. पोरं ढिगाजवळ फिरकली तर दगड मारत होती. एका बाईला, तुझी पाळी आहे, लांबून जा, असंही तिनं सांगितलं. थानेश्वर बांधावरून बघायचा आणि म्हणायचा, "नबौ, समाधी झकास बांधलीस. कुणाची म्हणायची?" ती उत्तर द्यायची नाही. लागलेल्या पिठ्याजवळ भांडत नाहीत.

चैत्रात मोहीराम दिहिंगियाची डुकरं सुटली. मोहीराम म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी, सत्तरीचा, बोलायला इतका संथ की त्याचं वाक्य संपेतो पान खाऊन होतं. त्याच्या डुकरीला पेंढ्याखाली कोंड्याचा वास लागला. पिलांना घेऊन ती रोज यायची आणि ढिगाचा पूर्वेकडचा कोपरा मनसोक्त उकरायची. डिंबेश्वरीच्या लक्षात आलं तेव्हा तो कोपरा लेकुरवाळीच्या अंथरुणासारखा झाला होता. पानं एकीकडं, माती एकीकडं.

ती मोहीरामच्या दारात गेली. "तुमच्या डुकरांनी माझा सगळा घाण बाटवला."

"घाणीत... डुकरांनी... अजून काय घाण करायची गं?"

"पिठा लागला हुता त्याला. आता नासला तर पाप कुणाला?"

"डुकरीला," मोहीराम म्हणाला. "तिला... सांगून बघतो."

त्या दिवसापासून तिनं मोहीरामच्या घरी साज देणं बंद केलं. गावात सांगत सुटली की रान नासलं तर त्याच्या डुकरांमुळं. तो कोपरा तिनं पुन्हा लिंपला नाही. एकदा उष्टावलेल्या मडक्याला ती हात लावत नसे.

आणि ह्याच सुमारास तिला वास येऊ लागला. तिच्या नाकाला मडक्याबाहेरून कळायचं की आत साज गोड आहे, कडक आहे की गेला आहे. ढिगाच्या अंगाला नाक नेलं की कुजक्या अंड्याचा वास यायचा. गेलेल्या घाणाचा वास तिच्या नाकानं अचूक ओळखला. पण इतक्या वर्षांत तिचा पिठा गेलेला नव्हता, म्हणून तिनं नाकालाच खोटं पाडलं. तेलाचा वास असंल, म्हणाली. दिवस भरू देत. घरी आली आणि दोन दिवस जेवली नाही.

बोहाग बिहूच्या, म्हणजे वैशाखातल्या सणाच्या, तोंडावर अनुरूपा आली. रानात उतरली, आणि तो लिंपलेला, वाळलेला, पाटासारखा गुळगुळीत ढीग बघून जागेवरच थांबली. बांधावर थानेश्वर होता, मोहीराम होता, आणखी पाचपंचवीस माणसं होती.

"खुरी, हे काय?"

"झाकलाय."

अनुरूपानं फावडं मागितलं आणि मधोमध घाव घातला. चिखलाची पापडी फुटली तसा भपकारा आला, माणसं खांद्यावरचा गामोसा नाकाला लावून मागं सरली. आत डांबरासारखी माती. तिनं आणखी दोन ठिकाणी खणून बघितलं, तेच. मग ती पूर्वेच्या कोपऱ्याशी गेली. मूठभर माती उचलली. ढेकूळ बोटांत फुटलं. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं, चष्मा वर करून जवळून बघितलं.

"हे कुणी उलथलं?"

ती बांधाकडं वळली.

"ह्या कोपऱ्यातली माती सुधारतेय. हे कुणीतरी नेमानं उलथलंय. कुणी?"

"माझ्या... डुकरीनं," बांधावरून मोहीराम म्हणाला.

गाव हसला असता, पण डिंबेश्वरीचं तोंड बघून थांबला. एकटा थानेश्वर हसला.

अनुरूपा तिच्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "खुरी, ह्या जिवाणूंना तेल खायला हवा लागते. झाकलं की गुदमरतात. मी उलथायला सांगितलं होतं."

"तू पिठा म्हणालीस."

"म्हणाले."

"पिठा कुणी उलथतं?"

अनुरूपानं आयुष्यात साज लावलेला नव्हता, प्यायलाच होता. ती म्हणाली, "उपमा माझी होती. चूक माझी."

"निम्मी तुझी," डिंबेश्वरी म्हणाली. "मला नाकानं कवाच सांगितलं हुतं. मी ऐकलं न्हाई, ती निम्मी माझी. आता नवी पोती कधी आणतीस?"

"नवीन तयार व्हायला आषाढ उजाडेल. लावणीला उपयोग नाही."

हे ऐकून थानेश्वर बांधावरून खाली उतरला. "मग नबौ, आघोणापर्यंत कशाला थांबायचं? जाऊन येऊ की उद्याच सहीला."

"आघोण म्हंजे आघोण," ती त्याच्याकडं न बघता म्हणाली.

अनुरूपा त्या कोपऱ्याकडंच बघत होती. "हा कोपरा जिवंत आहे, खुरी. ढीग सगळा मोडायचा, वारं लागू द्यायचं, आणि इथली माती थोडी थोडी सगळीकडं कालवायची. कोंडा, खत मी देते. पण उलथायचं आता आठवड्याला नाही, दोन दिवसांआड. उशीर भरून काढायचाय. जमेल?"

जुन्या पिठ्याची चिमूट ठेवून नवा लावायचा, तसंच की हे, असं डिंबेश्वरीच्या अगदी ओठावर आलं. ते तिनं गिळलं. एकदा तोंड पोळलं होतं तेवढं पुरे होतं.

"आणखी एक," अनुरूपा म्हणाली, "डुकरं बांधून ठेवा. त्यांनी ही माती खायला नको."

गाव बिहूत नाचत होता आणि डिंबेश्वरी फावडं घेऊन रानात. अंग दुखायचं त्याचं तिला काही नव्हतं, अंग सगळ्यांचंच दुखतं. पण फावडं मातीत घुसलं की दर वेळी तिचे हात आखडायचे. जन्मभर झाकायला शिकलेले हात. उघडं टाकायचं म्हटलं की आपण कुणाचं तरी वाटोळं करतोय असं त्यांना वाटायचं. ती हातांना शिव्या घालायची आणि उलथायची.

पाचव्या की सहाव्या दिवशी ती साजाचं मडकं घेऊन मोहीरामच्या दारात गेली आणि ओट्यावर ठेवलं.

"हे काय?"

"साज हाय. डोळे गेले काय?"

"मी... बाटवला हुता म्हणं."

"न्हाई बाटवला. चूक झाली माझी. गावात सांगितलं तसं गावात परत सांगीन."

मोहीरामनं मडकं हुंगलं. "डुकरीला... पण द्यायचा का थोडा? कष्ट... तिचे."

"तिला द्या, न्हाईतर तुम्ही घ्या. मला दोघं सारखेच," असं म्हणून ती वळली. दुसऱ्या दिवसापासून मोहीराम आपलं फावडं घेऊन रानात यायला लागला. तो बोलायला जसा, तसाच उलथायलाही. पण थांबायचा नाही.

जेठात मातीचा वास बदलला. आधी रॉकेलचा, मग जुन्या पत्र्याच्या डब्याचा, मग कशाचाच नाही. डिंबेश्वरीनं हे कुणाला सांगितलं नाही. आपल्या नाकावर तिचा भरवसा होता, पण गावाचा उरला नव्हता. आषाढात अनुरूपानं ठिकठिकाणची माती जोरहाटला नेली आणि फोन केला. बहुतेक रान लावायला हरकत नाही. नळीच्या अंगचा पट्टा मात्र अजून जड आहे, तिथं लावू नका, उलथत राहा. आणि जे पिकेल ते तपासल्याशिवाय कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

ढीग रानात पसरला, नांगरट झाली, श्रावणात बायकांनी ओळीनं बोरा लावला. पहिल्या पंधरवड्यात रोपं पिवळी पडली. थानेश्वर रोज सकाळी दात घासत बांधावर यायचा.

"नबौ, कावीळ झालीय त्यांना."

"झालीय."

"वैदू आणू?"

"तू तोंड धुऊन ये आधी. तुझ्या तोंडाच्या वासानं पडली असतील."

महिनाभरात रोपांनी रंग धरला. शेजारच्या रानाएवढी उंची आली नाही, दाणाही बारका राहिला. पण कार्तिक सरताना लोंब्या खाली वाकल्या होत्या. लोंबी वाकली म्हणजे भात उभं राहिलं, ह्यावर वाद घालायला थानेश्वरलासुद्धा वाट सापडेना. दाणे जोरहाटला गेले. खायला चालतील, असा निरोप आला.

आता एकच राहिलं. आघोणात रानातली पहिली पेंढी घरच्या पुरुषानं आणायची असते. अंघोळ करून रानात जायचं, मूठभर लोंब्या कापायच्या, गामोशात गुंडाळून डोक्यावर घ्यायच्या आणि कोठारापर्यंत चालत यायचं. वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. ज्या रानातली पेंढी घरात आली ते रान घरचं; मग ते विकायचं नाव काढत नाहीत. डिंबेश्वरीच्या घरात पुरुष म्हणजे थानेश्वर. त्यानं पेंढी आणली म्हणजे त्यानं हार खाल्ली. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही तो विषय काढत नव्हते.

शेवटी तीच त्याच्या अंगणात गेली. "उद्या पेंढी आणायचीय. तू येतोस, का मोहीरामला सांगू?"

"चांगमाईच्या घरची पेंढी दिहिंगिया आणणार?"

"कुणीतरी आणाय पायजे. त्याच्या डुकरीनं तेवढं तरी कमावलंय."

थानेश्वरनं वळचणीचा विळा काढला आणि दगडावर घासायला घेतला.

सकाळी धुकं असताना तो ओल्या अंगानं रानात उतरला. मूठभर बोरा कापला, नव्या गामोशात बांधला, डोक्यावर घेतला आणि चालू लागला. बातमी आधीच पोचली होती. ज्याच्या ज्याच्या नावानं त्यानं आजवर बाजारात हशा पिकवला होता ती सगळी माणसं चुलीपुढून उठून वाटेच्या दोन्ही अंगांना येऊन बसली होती.

"थानेश्वर, त्या नळ्या कुठं ठेवायच्या म्हणालास?"

"दिव्याच्या वाती का रे ह्या? ओल्या दिसत्यात."

"कावीळ उतरली काय रोपांची?"

"मागं बग, मागं. कंपनीचा साहेब आलाय सही घ्यायला."

थानेश्वरचे कान लाल झाले. जबडा दोन-तीनदा हलला, पण शब्द बाहेर आला नाही, मानही वळली नाही. मोहीरामच्या दारापुढून जाताना मोहीरामनं सावकाश काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत थानेश्वर पुढं निघून गेला होता, आणि त्या वाटेवर त्याला मिळालेली सूट म्हणजे तेवढीच.

कोठाराच्या दारात डिंबेश्वरी उभी होती. तिनं पेंढी उतरवून घेतली, आत ठेवली, दिवा लावला.

"बोल आता," ती म्हणाली.

"त्या पट्ट्याचं काय?" थानेश्वरनं विचारलं. "तो तसाच पडलाय."

"उलथायचा."

"फावडं हाय का जास्तीचं?"

"मोहीरामकडनं आण."

त्यानंतर कंपनीचा माणूस जागेचं विचारायला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा थानेश्वरनं त्याला ओसरीवर बसवलं, तामूल दिलं आणि इतकं बोलला, इतकं बोलला, की तिसऱ्यांदा तो आलाच नाही.